डीकन टॉलिव्हरची रद्द झालेली परीक्षा

डीकन अल्फियस टॉलिव्हर सात वेळा नापास झाला होता. आठव्या वेळेची त्याची तयारी अगदी पक्की झाली, आणि नेमकी तेव्हाच सरकारने परीक्षा रद्द केली.

परीक्षा मतदार होण्याची होती. अलाबामात गोऱ्या माणसाला त्यासाठी जन्माला येणं पुरत असे, काळ्याला राज्यघटना यावी लागे. कचेरीच्या खिडकीमागे बसलेला मिस्टर हॅस्क्यू एक कलम पुढे सरकवायचा, त्याचा अर्थ विचारायचा आणि अर्थ बरोबर की चूक हे स्वतःच्या मर्जीने ठरवायचा. सातव्या खेपेला डीकनची एकही चूक झाली नव्हती.

"उत्तरं सगळी बरोबर आहेत रे अल्फियस," हॅस्क्यू म्हणाला, "पण तुझ्या बरोबर असण्यात नम्रता नाही."

नापास.

डीकन, म्हणजे बिनपगारी सेवक, तो चर्चमधला. पोटापाण्यासाठी तो न्हावी होता. दाढी करता करता तो कलमं म्हणायचा. गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण आणि गळ्याशी वस्तरा असल्यामुळे कुणी तक्रार करत नसे. दर सोमवारी संध्याकाळी तो चर्चच्या तळघरात वर्ग घ्यायचा. त्या वर्गाचा एकच कडक नियम होता: ज्याला वाचता येत नाही त्याने कचेरीच्या रांगेत पाऊल ठेवायचं नाही. "तुमच्यातला एक अडखळला की ते म्हणणार, बघा, ही यांची लायकी." आधी अक्षरं, मग रांग.

हा नियम त्याने बायकोलाही लावला होता. शाळेच्या वयात व्हर्लीन कापूस वेचत होती. वर्ग चालू असताना ती मागे कॉफी करायची, आणि कॉफीला अक्षर लागत नाही.

१९६५ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनमध्ये ही परीक्षा रद्द करणारा कायदा झाला. त्या पाठोपाठ केंद्र सरकारचा एक अधिकारी येऊन पोस्टाच्या मागच्या खोलीत टेबल टाकून बसला. त्या दिवशी डीकनने लग्नातला कोट काढला.

"मिस्टर टॉलिव्हर, मीपण येते," व्हर्लीन म्हणाली. घरातसुद्धा ती त्याला मिस्टरच म्हणायची. गावातला एकही गोरा म्हणत नव्हता, ती कसर कुणीतरी भरून काढायला हवी होती.

"तू कशाला?"

"नाव घालायला."

"अगं, तुला सही येत नाही."

"लागत नाही म्हणे आता."

"आणि तुझ्या मिसेस लँगफर्डनी कामावरून काढलं तर?"

"काढू दे. तिला अंडं उकडता येत नाही. उपाशी तीच बसेल."

मिसेस लँगफर्डची भीती डीकनला होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. ज्याने सगळ्या गावाला शिकवलं त्याचीच बायको वर्गासमोर अंगठेबहाद्दर ठरणार होती. ती टोपी डोक्यावर चढवून केव्हाच दाराशी उभी होती.

पोस्टाबाहेर रांग लागली होती. समोरच्या फुटपाथवर गोरे बाप्ये हाताची घडी घालून उभे होते आणि त्यांच्यातला एक जण मालकांना दाखवायला रांगेतल्या प्रत्येकाचा फोटो काढत होता. "छान येऊ दे रे," चर्चमधली सिस्टर मोझेल रांगेतून ओरडली, "माझ्याकडे एकही फोटो नाही!" अलीकडच्या ओकच्या झाडाखाली ब्रदर क्लीओफस आणि इतर काही म्हातारे बसले होते. त्यांना वाचता येत नव्हतं. नियम पाळून ते नुसते बघायला आले होते.

टेबलामागचा अधिकारी ओहायोचा, तरुण आणि घामाघूम होता. त्याने डीकनला नाव, वय, पत्ता विचारला, तुरुंगात गेला होतात का विचारलं, एक कार्ड लिहून हातात दिलं आणि म्हणाला, "झालं."

"झालं कसं?" डीकन म्हणाला. "विचारा की."

"काय विचारू?"

"काहीही. कुठलंही कलम काढा."

"मिस्टर टॉलिव्हर, मला विचारायला कायद्याने बंदी आहे."

"मग मी आपणहून सांगतो. कलम पहिलं..."

"डीकन, सरका हो पुढे!" मागून मोझेल म्हणाली. "सात वर्षं आम्हाला ऐकवलंत, त्या पोराने काय पाप केलंय?"

डीकन बाजूला झाला. कार्ड खरं होतं. पण ज्यावरून तो सात वेळा घसरून पडला तो डोंगर कुणीतरी रातोरात उचलून नेल्यासारखं त्याला वाटत होतं.

पुढचा नंबर व्हर्लीनचा. अधिकाऱ्याने कागद लिहून तिच्यापुढे केला. "इथे सही, मिसेस टॉलिव्हर. येत नसेल तर फुली चालेल."

मिसेस. आजवर कुठल्याही साहेबाने तिला असं म्हटलं नव्हतं. डीकन पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, "साहेब, तिच्या वतीने मी करतो सही. अक्षर वळणदार आहे माझं."

"चालणार नाही."

"मिस्टर टॉलिव्हर," व्हर्लीन म्हणाली, "तुम्ही तुमचं नाव घातलंत ना? आता मला माझं घालू द्या."

गोधडीला टाका घालावा तशी तिने जपून एक रेघ ओढली, मग तिच्यावर दुसरी. तिने मान वर केली. "आणि मत देताना काय करायचं असतं हो?"

"सोपं आहे," अधिकारी म्हणाला. "ज्याला मत द्यायचं त्याच्या नावासमोर फुली मारायची."

डीकनला घटना पाठ होती. मतपत्रिका त्याने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मिस्टर हॅस्क्यूने प्रकरण तिथवर जाऊच दिलं नव्हतं.

ती दोघं बाहेर आली, तर मिसेस लँगफर्डची गाडी उभीच. काच खाली झाली. "व्हर्लीन, उद्यापासून येऊ नकोस."

"बरं, मॅम."

गाडी गेली. व्हर्लीनने कार्ड पर्समध्ये घातलं. "चला, सकाळ मोकळी झाली," ती म्हणाली. "आता शिकवा मला अक्षरं."

"शिकवतो," डीकन म्हणाला. "पण आधी एक काम आहे."

तो ओकच्या झाडाखाली गेला. "उठा."

"कुठे?" क्लीओफसने विचारलं.

"रांगेत."

"डीकन, तुम्हीच म्हणता ना, आधी अक्षरं?"

"आधी रांग. अक्षरं सोमवारी."

"पण आत काय विचारतात?"

"नाव."

"मग?"

"मग काही नाही," डीकन म्हणाला. हे सांगताना त्याच्या तोंडाची चव अजूनही जात होती. "उठा म्हटलं ना, पाचला बंद करतात."

म्हातारे गुडघे धरत उठले. फोटोवाल्याने कॅमेरा वर केला, तसे दोघे थबकले. डीकनने त्यांना हाताने पुढे सारलं, आणि स्वतःचं कार्ड खिशात असूनही तो रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभा राहिला. मधूनच कुणी मागच्या मागे सटकायला नको.