इंजिनातला खोकला

त्या सकाळी आमच्या गॅरेजच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे दादाच्या गाडीभोवती! छातीच्या आजाराने दोन वर्षांपूर्वी गेलेला माझा थोरला भाऊ म्हणे तिच्या इंजिनात येऊन खोकत होता.

ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की गाडी आधी फुस्स करायची, मग ठसकायची आणि काळा धूर ओकायची.

"ऐका उसासा!" आईने बोलावलेले बुवा डोळे मिटून म्हणाले. "बायको दहा दिवसांनी दुसऱ्याच्या घरी चालली. जीव तळमळणार नाही?"

आई पदराने डोळे पुसत होती. वहिनीचं हे लग्न जमवलं कोणी? ह्याच आईने! आता म्हणते, "माझ्या लेकाला छळू नकोस गं."

"लग्न मोडलं म्हण," बुवांनी फर्मावलं.

"मोडलं," वहिनी पुटपुटली. तिचा चेहरा बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बुवांनी बॉनेटवर हात ठेवला. शिष्याने आत बसून इंजिन चालवून दाखवलं. ना फुस्स, ना खोकला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी मात्र शिष्याचा पाय बघत होते. लबाड जेमतेम दाबत होता आणि अगदी हळूहळू सोडत होता.

"बुवा, आता तुम्ही बसा की," मी म्हणाले. "जोरात दाबा आणि झटकन सोडा."

एवढ्या लोकांपुढे नाही कसं म्हणणार? फुस्स! खॉक! काळा धूर थेट मागे उभ्या शिष्याच्या तोंडावर.

"लग्न तर मोडलं," मी म्हणाले. "आता दादा कोणाचं अडवतोय, तुमचं?"

हशा पिकला. मी बॉनेट उघडलं.

"ह्या इंजिनात हवा दाबून भरतात. पाय काढला, की जादा हवा ह्या नळीने पुन्हा आतच वळवायची असते, कारण ती मोजून घेतलेली असते. आमच्या ह्यांनी गेल्या आठवड्यात नळीचं तोंड बाहेर मोकळं सोडलं. का? तर शर्यतीच्या गाडीसारखा फुस्स आवाज यावा! मोजलेली हवा बाहेर, पण पेट्रोल तिच्या हिशेबाने आत. मग ठसका लागणारच."

आमचे हे खाली मान घालून उभे होते. मी नळी जागेवर बसवली, क्लिप आवळली. "आई, तूच बघ."

आईने दाबलं, सोडलं. इंजिन शांत.

"म्हणजे... तो नव्हता?"

"नव्हता गं. दादासाठी मीही रडते. पण त्याच्या नावाने जित्या माणसाचा गळा आवळायचा? गाडी खोकली तर बॉनेट उघडा. बुवा कशाला बोलावता?"

आई गाडीतून उतरली आणि बुवांकडे न बघता वहिनीपाशी गेली. "मघाशी मोडलं म्हणालीस ना," ती म्हणाली, "ते ह्या सगळ्यांसमोर परत घे."