टॉवेलांचं पोट

मित्रांनो, मी एक जुना झारा आहे. बुंदी पाडायचा. माझं डोकं गरम असतं, हे आधीच सांगून ठेवतो. जन्मभर उकळत्या तेलावर राहिलेल्याचं डोकं थंड कसं राहील? गोड गोष्टीची आशा धरून बसला असाल, तर ती माझ्यातून पडलेल्या बुंदीत शोधा. माझ्या बोलण्यात ती सापडणार नाही.

बुलडाण्याकडच्या धाड गावच्या बाजारात एका लोहाराने मला घडवलं. पत्रा कुठून आणला कोण जाणे, दांडा मात्र कुणाच्या तरी मोडक्या खिडकीचा गज होता. काठाजवळचं एक भोक जरा तिरपं गेलं. लोहार ते बुजवायला निघाला, तर मोतीराम आचारी म्हणाला, "राहू दे. एक पोरगं वाकडं निघालं म्हणून कोनी घर बदलते काय?" त्या भोकातून पडणारी बुंदी आजही शेपटीवाली असते. मोतीराम ती वेचून गीताबाईला देतो. गीताबाई ही त्याची बायको. भाज्या, मसाले, पाक, सगळं तीच सांभाळते. कढई तेवढी मोतीरामची.

तेव्हाचा मोतीराम केवढा होता म्हणून सांगू! लग्नघरी तो जीपमधून उतरला की जीप हुश्श करून वर उचलली जायची आणि पोरं खिदळायची. त्याला बसायला देताना दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून द्यायचे. 'ढोल्या आचारी' म्हणायचे, आणि वर "प्रेमानं म्हनतो हो" अशी मखलाशी करायचे. तोही हसायचा. हसण्यावाचून काय करणार, त्याच लोकांकडे काम करायचं होतं.

आणि गंमत बघा, त्याच पोटावर लोकांचा भरवसा होता. "आचाऱ्याचं पोट पाहून कामाची सुपारी द्यावी," असं आमच्याकडचे म्हातारे सांगतात. पोट सुटलेला आचारी म्हणजे चाखून पाहणारा आचारी, वाळलेला आचारी म्हणजे स्वतःच्या हातचं स्वतः न खाणारा, असा त्यांचा हिशेब. पंगती उठल्या की यजमान मोतीरामला सगळ्यांसमोर बोलावून टॉवेल-टोपी द्यायचे. टोप्या तो वाटून टाकायचा. टॉवेल गीताबाई घडी करून पेटीत ठेवायची. कुठला टॉवेल कुठल्या लग्नातला, हे तिला तोंडपाठ होतं.

मग उंद्री गावी माणिकरावांच्या थोरल्या मुलीचं लग्न आलं. माणिकराव गावातलं मोठं प्रस्थ, त्यांच्या शब्दावर आसपासची चार लग्नं ठरायची. बुंदीचा घाणा चालू असताना मोतीरामचा गुडघा एकदम लचकला. तो भट्टीकडे झुकला. गीताबाईने मागून बंडी धरून ओढलं म्हणून वाचला. तेल किती जवळ आलं होतं ते मला ठाऊक आहे, कारण मी त्याच्या हातात होतो.

दुसऱ्या दिवशी धाडच्या डॉक्टर मंजुश्रीताईंनी त्याला समोर बसवून सांगितलं, "मोतीरामभाऊ, साखर वाढली आहे आणि गुडघ्यांना हे ओझं झेपत नाही. एकतर वजन उतरवा, नाहीतर कढई सोडा." कढई सोडणं त्याला जमणारं नव्हतं. म्हणून त्याने वजन सोडलं.

सोपं नव्हतं ते. दिवसभर गोडाच्या वासात उभं राहायचं आणि जिभेला काही लावायचं नाही. चव बघायला गीताबाई. जेवायला एक भाकर, वाटीभर भाजी, घट्ट वरण. पहाटे बुलडाण्याच्या रस्त्याने चालत सुटायचा. पहिल्या पहिल्यांदा कुत्री भुंकायची, मग तीही बरोबर चालू लागली. हळूहळू मोतीराम उतरला. पार उतरला.

उतरल्यावर काय काय होतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. जन्मात कधी स्वेटर न घातलेला माणूस भट्टीशेजारी कुडकुडू लागला. पाटावर बसला की हाडं टोचायची. "माह्या बुडाखालची गादीच गेली व," तो गीताबाईला सांगायचा. गालांची कातडी लोंबू लागली. त्याचं घोरणं थांबलं, तर गीताबाईचीच झोप उडाली. घर इतकं शांत कसं, म्हणून ती दचकून उठायची आणि त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची. एकदा तर लग्नातली अंगठी बोटातून निसटून भिजवलेल्या बेसनात गेली आणि पिठाबरोबर माझ्यावर येऊन पडली. काठावरून घरंगळून कढईत गेली असती, तर कुणा पाहुण्याच्या दाताखाली आली असती. मी धरून ठेवली. त्याबद्दल मला कोणी टॉवेल-टोपी दिली नाही.

पण गुडघे हलके झाले. तो तासन्‌तास उभा राहू लागला. हात स्थिर झाला, माझा दांडा थरथरेनासा झाला. बुंदी पूर्वीपेक्षा गोल पडू लागली. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या कोणी ठेवलं नाही.

आता लोकांना आनंद व्हायला हवा होता की नाही? ज्यांनी ढोल्या ढोल्या करून त्याला पिदडलं, त्यांनी तरी म्हणावं, शाब्बास रे गड्या. पण नाव नको. "काऊन हो मोतीराम, कोनती बिमारी लागली?" बाजारात पाऊल टाकलं की हेच. "वजन उतरवलं, डॉक्टरीनबाईनं सांगतलं," असं तो म्हणाला की समोरचा मान हलवायचा. खरं सांगत नाही, असं त्या मानेत असायचं. चहावाला सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा द्यायचा, याला कागदी कपात देऊ लागला. मोतीरामला ते पहिल्याच दिवशी कळलं. तो कप हातात घेऊन उभा राहिला, चहा प्यायला आणि काही बोलला नाही. मला राग आला तो त्या न बोलण्याचा.

गीताबाईला तर बायांनी सोडलंच नाही. "काय व, बुवाले खायले देत नाहीस काय? लोकाइले जेऊ घालतं आन घरचा मानूस उपाशी?" ती बिचारी त्याची भाकर दोन्ही बाजूंनी शेकून, साखर वाढेल म्हणून भात लपवून, रोज जिवाचा आटापिटा करत होती. आणि त्याच बायांपैकी एक जण मागच्या दाराने येऊन कुजबुजली, "कोनती पावडर देल्ली व त्याले? मले बी सांगजो." समोरच्या दाराने बिमारी, मागच्या दाराने पावडर. अशा जिभा तळायला माझ्यात सोय असती तर बरं झालं असतं.

मग माणिकराव आले. त्यांच्या पोराचं लग्न ठरलं होतं. ओसरीत येऊन त्यांनी विचारलं, "गीताबाई, मोतीराम कुठी गेला?" मोतीराम त्यांच्या पुढ्यातच उभा होता. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चहाला हात लावला नाही. "पाहू, सांगतो," म्हणाले. दारातून बाहेर पडताना सोबतच्याला म्हणाले ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं, "पाहुने काय म्हनतीन बे? आचारीच असा वाळेल हाय, तं जेवन कसं असन?"

त्यांनी सांगितलं नाही ते नाहीच. त्यांच्या मागोमाग बाकीच्यांनीही तोंड फिरवलं. कढई राहावी म्हणून ज्याने शरीर झिजवलं, त्याची कढईच गेली. अख्खा लग्नसराईचा हंगाम मी खिळ्याला लटकून काढला. माझ्या काठांना गंज चढला. मोतीराम रोज माझ्याखालून ये-जा करायचा, पण वर बघायचा नाही.

पुढे थंडी पडली. एका सकाळी त्याला इतकं गारठलं की त्याने पेटीतले दोन टॉवेल काढून कमरेभोवती गुंडाळले, वर स्वेटर चढवला आणि बाजाराला गेला. तिथे एका ओळखीच्याने पाठीवर थाप मारली. "हाव, आता कसं! आता भरली तब्येत. पुढल्या महिन्यात बीबी गावाले आमच्या भाच्याचं लग्न हाय, तुमीच या." मोतीराम घरी आला तो वेगळाच चेहरा घेऊन. त्याने पेटी पुन्हा उघडली.

बीबीच्या लग्नाच्या दिवशी त्याने टॉवेलांवर टॉवेल गुंडाळले आणि मागे गाठ मारून दे म्हणून गीताबाईपुढे पाठ केली.

"हे काय सोंग करून राह्यले तुमी?" ती म्हणाली.

"बांध व. पोट दिसल्याबिगर पोट भरत नाही."

"मी नाही बांधत."

"मंग झारा इकून टाक."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग गाठ मारली.

आणि मित्रांनो, तुम्हाला काय सांगू. बीबीच्या लोकांनी बोटं चाटली. "मंधी हाताची चव गेल्ती मोतीरामच्या, आता वापस आली," असं एकजण ढेकर देत म्हणाला. अरे, चव गेली कधी होती? मधल्या काळात तुम्ही त्याच्या हातचं खाल्लं तरी होतं का? तोच हात, तेच बेसन, तोच मी, माझं तेच तिरपं भोक. वाढले होते ते टॉवेल. त्या टॉवेलांना चव होती, माणसाला नव्हती. मी त्या दिवशी कढईच्या काठावर असा आपटत होतो की मोतीरामने मला दोनदा सांभाळून धरलं.

कामं परत आली. प्रत्येक लग्नाला एक टॉवेल मिळायचा, तोही पोटावर चढायचा. अशात माणिकराव पुन्हा आले, धाकट्या योगिनीचं लग्न घेऊन. या वेळी चहा प्यायले. बशीसुद्धा चाटून पुसून ठेवली.

लग्न मे महिन्यात, उंद्रीला. वरून ऊन, समोर लाकडाची भट्टी आणि पोटाभोवती टॉवेलांचा घट्ट वेढा. सकाळपासून मोतीरामच्या तळव्याचा घाम माझ्या दांड्यावरून ओघळत होता. गीताबाई जवळ येऊन म्हणाली, "सोडा ते. हवा लागू द्या अंगाले."

"माणिकराव फिरून राह्यले इथंच. एवढा घाना होऊ दे."

घाणा होईपर्यंत तो टिकला नाही. त्याचे डोळे फिरले. बोटं सुटली आणि मी तेलात पडलो. माझ्यामागे तोही येत होता. जिथे गुडघा लचकला होता तेच घर, तीच भट्टीची जागा. गीताबाईने झेप घेतली आणि स्वतः मारलेली गाठ बंडीसकट दोन्ही हातांनी धरून त्याला मागे खेचलं. तेल उडून त्याचा एक हात भाजला. जीव वाचला.

माणसं धावली. कोणी कांदा आणला, कोणी पाणी. माणिकराव आले आणि म्हणाले, "म्या म्हनलं नव्हतं? बिमारीच हाय याले."

गीताबाई मोतीरामजवळ बसली होती. तिने त्याची बंडी गळ्यापर्यंत वर केली आणि गाठ सोडली. एक टॉवेल काढला. घामाने पिळून निघेल असा. तो माणिकरावांच्या पायाशी टाकला.

"हा तुमच्या थोरलीच्या लग्नातला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. दुसरा काढला. "हा बीबीचा. हा चिखलीचा. हा धाडच्या सरपंचाचा." ती काढत गेली, टाकत गेली. शेवटी मोतीरामचं खरं पोट उघडं पडलं. सपाट, वर कातडीच्या वळ्या, टॉवेलांच्या काठांचे लाल वळ आणि घामोळं. "ढोल्या होता तं हसले. वाळला तं बिमार म्हनले. मले म्हनले, नवऱ्याले उपाशी मारते. हे घ्या तुमचं पोट, दादा. तुमाले हेच पाहिजे होतं. मानूस माह्यासाठी राहू द्या."

माणिकरावांनी टॉवेलांच्या ढिगापासून पाय मागे घेतला.

तिने पदर खोचला, चिमट्याने मला तेलातून बाहेर काढलं, काठावर आपटून निथळवलं आणि उरलेला घाणा स्वतः पाडला. मोतीराम निंबाखाली उघडाच बसला होता, भाजलेला हात मांडीवर ठेवून. शेकडो माणसं समोरून जेवायला गेली, जेवून परत आली. त्याने अंग झाकलं नाही. पंगतीत बुंदी तीन-तीनदा मागून घेतली गेली. वाळलेल्या आचाऱ्याची होती, तरीही.

मित्रांनो, झाऱ्याची निगा राखायला फार अक्कल लागत नाही. राखेने घासा, कोरडा पुसा, भोकं मोकळी ठेवा, झालं. माणसाची निगा याहून अवघड आहे असं मला वाटत नाही. कोणी बारीक झाला किंवा जाड झाला, तर त्याला विचारा, गुडघे कसे आहेत, झोप लागते का. आणि उत्तर देईपर्यंत थांबा. तेवढंही होत नसेल, तर तोंड मिटून जेवा.

शेवटच्या पंगतीनंतर माणिकराव टॉवेल-टोपी घेऊन आले. टोपी त्यांनी मोतीरामच्या डोक्यावर ठेवली. मग त्यांनी नवाकोरा टॉवेल पुढे केला. मोतीरामने हात उचलला नाही. गीताबाईने तो घेतला, घडी मोडली आणि त्यांच्यासमोरच माझ्या अंगावरचं तेल पुसायला सुरुवात केली. दोन्ही बाजू पुसल्या, दांडा पुसला, ते तिरपं भोकसुद्धा टॉवेलाचं टोक घालून पुसलं.

तो टॉवेल आता माझ्या शेजारच्या खिळ्याला असतो. तेलाने काळा पडलाय. त्याला कोणी पोटावर बांधत नाही.