कोरड्या खोलीतली घंटा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. 'एक' म्हणताना मात्र अडखळायला होतं, कारण जन्मलो तेव्हा मी सुटे तुकडे होतो. पडद्याचा, कळांचा, बॅटरीचा, घंटेचा, पाणी ओळखणारा आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारा मेंदूचा. मुलांनी मला जोडावं, मोडावं, पुन्हा वेगळं जोडावं, यासाठीच मला घडवलं.

घडवलं कोचीच्या मेर्लीनं. तिचं रांगतं बाळ सतत मांडीशी. माझा पहिला तुकडा त्यानं थेट तोंडात घातला, म्हणून पुढचे तिनं त्याच्या मुठीहून मोठे केले. कडा स्वतःच्या गालावर फिरवून पाहिल्या. नवरा म्हणाला, "चुकीचा तुकडा बसणारच नाही असं कर की."

"बसू दे. चुकलं तर लाल दिवा लागू दे, धूर नको. चुकायलाच मिळालं नाही तर पोरं शिकणार कशी?"

मग मी होडीतून कुट्टनाडातल्या, चहूकडे पाणीच पाणी असलेल्या मुलखातल्या, एका शाळेत गेलो. तिथली सहावीतली जिन्सी मला सारखी उघडायची.

"ए जिन्सी, ते काय तुझ्या घरचं पातेलं आहे?" पोरं चिडवायची.

"मग? झाकण उघडल्याशिवाय भात शिजलेला कळतो तुला?"

भरतीला तिच्या स्वयंपाकघरात पाणी शिरायचं. तिथंच कोपऱ्यात तिच्या आजीची, अम्मच्चीची, कोंबडी बदकाची अंडी उबवत बसली होती. टोपली उंचावर ठेवली की बाईसाहेब उठून जात. म्हणून जिन्सीला घंटा हवी होती. पाणी उंबऱ्याला लागलं की वाजेल, आणि तेवढ्यापुरती टोपली उचलता येईल.

तिनं हुकूम लिहिले. लाल दिवा. पुन्हा लिहिले. पुन्हा लाल दिवा. मग पाण्याचा तुकडा बादलीत बुडवताच मी असा काही वाजलो, की शेजारचा वर्ग शाळा सुटली म्हणून दप्तरं घेऊन बाहेर आला!

"सर, घरी नेऊ?"

"शास्त्रमेळा होऊ दे, पोरी," मुख्याध्यापक कुर्याकोस सर म्हणाले. "मग खुशाल ने."

मेळ्याला होडीतून जायचं होतं. लाटांत तुकडे निसटतील, हरवतील, या काळजीनं सरांनी मला एका फळीवर मांडलं आणि होडीच्या फटी बुजवायची राळ आणून सगळे सांधे भरून टाकले. "आता कुणाच्या बापालाही सुटणार नाही," ते कौतुकानं म्हणाले. मला मांडीवर घेऊन बसले. पाऊस आला तेव्हा छत्री माझ्यावर धरली, स्वतः भिजले. त्यांना दोष कसा देऊ?

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं.

दुसऱ्या दिवशी जिन्सी कापडी पिशवी घेऊन आली. पाण्याचा तुकडा ओढून पाहिला. निघेना. बॅटरीची जागा राळेनं भरलेली. भिंतीतल्या विजेवर मी चाललो असतो, पण भरतीच्या दिवसांत तिच्या घरची वीज बंदच ठेवत. सरांनी सुरी घातली, तर माझा कोपरा उडाला.

"राहू दे सर," ती म्हणाली. "तुटेल तो." रिकामी पिशवी घडी करून घेऊन गेली.

सोमवारी ती सरांपुढे उभी राहिली. "रात्री पाणी शिरलं, आम्हाला कळलंच नाही. कोंबडी चुलीवर चढून बसली होती, सर. अंडी तरंगत दाराबाहेर गेली. आतून टोचा मारायला लागली होती हो पिल्लं."

सर माझ्या सांध्यातली राळ नखानं खरवडू लागले.

"अम्मच्ची म्हणाली, पाण्याचीच पिल्लं होती, पाण्यानं नेली." एवढं म्हणून तिनं माझ्या उडालेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. त्यानंतर तिनं मला कधी हात लावला नाही.

आता मी काचेच्या कपाटात असतो, बक्षिसाच्या चषकाशेजारी. सर मला रोज पुसतात. धूळ म्हणून बसू देत नाहीत.

मित्रांनो, माझं एखादं भावंड तुमच्या हाती आलं, तर त्याला फार जपू नका. उघडा, उलटं लावा, लाल दिवे लागू द्या. संध्याकाळी तुकडे गोळा करून डब्यात ठेवा, एवढी काळजी पुरे. आणि कुणी घरी न्यायला मागितलं, तर 'मग' म्हणू नका.

पाहुणे आले की सर भांड्यात बोट बुडवून माझ्या पाण्याच्या तुकड्याला लावतात. घंटा खणखणीत वाजते. पाहुणे टाळ्या वाजवतात. सर मात्र तेवढ्यात खिडकीबाहेर, पाण्याकडे बघत असतात.