बॅटरीची परीक्षा

बेकरीवाल्याला दिवसा सुईत दोरा ओवता यायचा, पण उजेड ओसरला की त्याच्या लेखी जग संपलं. रातांधळेपणा जन्माचा. आणि धंदा नेमका पावाचा! उजाडायच्या आत भट्टी पेटली नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात. म्हणून लग्न झाल्यापासून रोज पहाटे बायको त्याला हाताला धरून बेकरीवर पोचवायची आणि एकटी परत यायची. मोठ्या रस्त्यावर त्या वेळी मालाचे ट्रक, म्हणून ती कालव्याकाठच्या वाटेनं न्यायची. दिवसा तो मोठ्या रस्त्यानंच घरी यायचा, त्यामुळे ती वाट त्यानं उजेडात कधी पाहिलीच नव्हती.

आता तिचा गुडघा कुरकुरायला लागला होता. ही पायपीट बंद करा, नाहीतर काठी घ्यावी लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. मग लेकीनं एक दणकट बॅटरी पाठवली; साध्या बॅटरीच्या उजेडात त्याला काही दिसायचं नाही. पटली नाही तर आठवड्यात परत करायची होती.

"ही बॅटरी आहे की बत्ता?" बायकोनं ती हातात तोलून पाहिली.

परीक्षा तिनंच घेतली, सासूनं नव्या सुनेची घ्यावी तशी. ओल्या हातानं बटण दाबून पाहिलं, मग हातमोजा घालून. पूर्ण जोरावर लावली तर समोरच्या गच्चीवरची टाकी उजळली आणि तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ठेवणीतल्या शिव्या घातल्या. थोड्या वेळात बॅटरी इतकी तापली की बेकरीवाला म्हणाला, "हिच्यावरच पाव भाजू या." त्यात झोत लांबचा. टाकी दिसते, पायापुढचा दगड दिसत नाही. शेवटी जोर कमी करून, झोत पसरट करून खाली धरली, तेव्हा कुठे जमलं.

"घरात सगळ्याच हुशार असतात. उद्या रस्त्यावर बघू," ती म्हणाली.

पहाटे दोघं निघाले. ती नेहमीसारखी त्याच्या उजवीकडे, पण आज त्याचा हात तिच्या हातात नव्हता. पायाखाली सपाट फरशा स्वच्छ दिसत होत्या.

"अगं, दिसतंय! सगळं दिसतंय!" तो लहान पोरासारखा ओरडला आणि कौतुकानं झोत तिच्याकडे वळवला.

तिच्या बाजूला फरशी नव्हतीच. उखडलेले दगड, बाहेर आलेल्या सळया, साचलेलं पाणी, मध्येच गटाराचं उघडं तोंड. त्यातून ती एकेक पाऊल जोखून टाकत होती. फरशांची पट्टी एका माणसापुरतीच रुंद होती, आणि इतकी वर्षं त्या फरशांवरून तोच चालत आला होता. वर पुन्हा, "तुला सरळ चालता येत नाही का? सारखे हिसके देतेस," म्हणून तिलाच बोल लावायचा! बायकोचे कष्ट दिसायला नवऱ्याला भलताच मोठा झोत लागतो, त्याला कोण काय करणार.

तो थांबला. "कधी बोलली नाहीस?"

"बोलून रस्ता रुंद होणार होता? आणि परत येताना मी फरशीवरूनच यायचे की."

त्यानं तिला हाताला धरून फरशीवर घेतलं आणि स्वतः दगडांत उतरला.

"अहो, पडाल!"

"पडू दे. तुझे फार उपकार आहेत गं माझ्यावर," तो म्हणाला. "आजवर पायाला साधा खडा टोचला नाही. मला वाटायचं, रस्ताच चांगला आहे."