दाटपणा सारखा

ट्रॅक्टरचे ब्रेक सकाळी उतारावर किंचाळले, थरथरले आणि लागलेच नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीने तो रोपांच्या वाफ्यात घातला म्हणून थांबला; सरळ गेला असता तर खाली काचघर होते. दुपारी भरलेली ट्रॉली घेऊन ती त्याच उतारावरून पुन्हा जाणार होती, कारण तिच्या रोपवाटिकेच्या फाटकाशी रोपे न्यायला आलेला ट्रक उभा होता.

मी पोहोचलो तेव्हा मेकॅनिक ब्रेक आवळत होता. तेलाचा थेंब बोटांत चोळून, हुंगून निदान करतो म्हणून त्याला सगळे वैद्य म्हणत. गेल्या आठवड्यात गिअरबॉक्समध्ये कोणते तेल ओतले, असे मी विचारले. त्याने कोपऱ्यातल्या डब्याकडे बोट केले. ते साधे हायड्रॉलिक तेल होते, कारखान्यातल्या प्रेसमध्ये वापरतात ते.

माझे डोके फिरले. या छोट्या ट्रॅक्टरमध्ये गिअर, उचलयंत्रणा आणि ब्रेक यांना एकच तेल असते, ब्रेकच्या चकत्या त्यातच बुडलेल्या असतात, आणि त्या नीट पकडाव्यात म्हणून त्या तेलात वेगळी द्रव्ये घालतात, हे मी त्याला आवाज चढवून सांगितले. माहितीपुस्तकात तेलाचा प्रकार छापलेला असताना नाकाने तेल निवडणे हा अडाणीपणा आहे, असेही म्हणालो.

"दादा, हळू. रोपं दचकतील," बहीण म्हणाली.

"तू गप्प बस. जीव तुझा जाणार होता."

वैद्याने हात पुसले आणि खिशातून एक घडी घातलेला, तेलकट कागद काढला. माझ्याच प्रयोगशाळेचा अहवाल होता. दोन महिन्यांपूर्वी बहिणीने दोन बाटल्या पाठवल्या होत्या: ही तेले सारखी आहेत का बघ. मी चाळीस आणि शंभर अंशांवर दाटपणा मोजला, दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत, आणि 'सारखी' असे लिहून सही केली. कशासाठी सारखी, हे विचारले नव्हते.

"वास वेगळा होता, साहेब. पण तुमची सही बघितली आणि नाक बाजूला ठेवलं."

माझा राग तसाच होता. फक्त आता तो ओतायला जागा राहिली नव्हती.

"झालं भांडून?" बहिणीने ट्रक उद्यावर ढकलला आणि माझ्यापुढे घमेले सरकवले. "धर खाली."

पुस्तकात छापलेले तेल वैद्याने आणले. आम्ही जुने काढले, फिल्टर बदलला, नवे भरले. चकत्यांत मुरलेले जुने निघावे म्हणून थोडा वेळ चालवून तेही काढले आणि पुन्हा भरले. वैद्याने तेल मोजायची कांडी ओढून हुंगली आणि माझ्यापुढे धरली. मीही हुंगली. मला काही कळले नाही.

बहीण चढून बसली. "आधी सपाटीवर बघते. करू का सुरू?"

मी तोंड उघडले. पण ती वैद्याकडे पाहत होती.