हेदवाडीचे चिंचोके

हेदवाडीत त्या दिवशी पोरांना काय वाटतं हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. फक्त पोरांना विचारायचं तेवढं बाकी होतं.

खर्डीपासून आत, भाताची खाचरं संपून जंगल लागतं तिथे ही वाडी. शाळा म्हणजे एक खोली आणि एक ओटी. दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील एवढी पोरं, आणि त्यांना शिकवायला भूमिकाबाई. बाई वाशिंदहून रोज स्कूटीवरून यायच्या. पट कमी म्हणून ही शाळा बंद करून पोरांना गाडीने शहापूरकडच्या मोठ्या शाळेत पाठवावं, असं वरून आलं आणि वाडी भडकली. शाळा समितीचा अध्यक्ष नामा तर म्हणाला, "शालेला हात लावून दाखवा."

मुलांना विचारा, असं बाईंनीच सुचवलं. शाळा मुलांची, तर मतही मुलांचं घ्या. नामा हसला. "पोरां काय सांगतील बाई? तुमच्याबिगर पानी पन पीत नायत तीं." बाईंनाही मनातून तेच वाटत होतं, म्हणून त्यांनी केंद्रप्रमुख पंकज सरांना साक्षीला बोलावलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. या शहाण्या मंडळींनी आरसा मागवला आणि वर तो साहेबाच्या हातात दिला.

हात वर करायला सांगितलं की धाकटी पोरं मोठ्यांकडे बघून हात वर करतात, हे बाईंना ठाऊक होतं. म्हणून फळ्यामागे दोन मडकी ठेवली. एकावर खडूने आपली शाळा काढली, दुसऱ्यावर गाडी. ज्याच्या त्याच्या हातात एकेक चिंचोका दिला. गाडी किती वाजता येईल, तिकडचं मैदान केवढं आहे, सगळं समजावून सांगितलं. "कोणी बघणार नाही. खरं वाटेल ते करा," बाई म्हणाल्या. आईबाप ओटीवर कौतुकाने बसून होते.

पंकज सरांनी शाळेचं मडकं उपडं केलं. त्यातून एकच चिंचोका पडला. तो पहिलीतल्या हनुमानचा होता. "गाडीचा मडका लांब व्हता, माजा हात नाय पोचला," असं त्याने स्वतःच मोठ्याने सांगून टाकलं. एरवी ओटी हसून लोळली असती. आता कोणी हसलं नाही.

बाईंना काहीच झालं नाही. आता छातीत कळ येईल, घसा दाटेल, म्हणून त्या थांबून राहिल्या. पाय अवघडून मुंग्या आल्या की तो आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. त्यांनी चिंचोके गोळा करून मडक्यात भरले, मडकी पुसली, कोपऱ्यात ठेवली.

"का गो कुणाले?" नामा पुतणीवर खेकसला. पाचवीतली कुणाली वाडीतली सगळ्यात मोठी विद्यार्थिनी. "इथं काय वाईट हाय तुला?"

"वाईट नाय काका."

"मंग?"

"खो-खो नाय होत," कुणाली म्हणाली. "बसाया पोरां नाय पुरत. आन मी पाचवीत एकलीच हाय. माजाच पैला नंबर, माजाच शेवटचा."

माझ्याकडे प्रत्येक मुलाला वेगळं लक्ष मिळतं, असं बाई वाशिंदमध्ये अभिमानाने सांगायच्या. ते खोटंही नव्हतं. पण बाईंची पाठ वळल्यावर कुजबुजायला शेजारी कोणीतरी लागतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. इतकी वर्षं त्या पोरीकडे बघत होत्या आणि एवढं दिसलं नाही. याचं दुःख व्हायला हवं, हे त्यांना कळत होतं. होत मात्र नव्हतं.

"पोरांना काय कलतं?" नामा पंकज सरांकडे वळला. "आमी नीट सांगतो त्यांना. परत घ्या."

पंकज सर माणूस वाईट नव्हता. त्याने बाईंना बाजूला घेतलं. "मी अजून काही लिहिलेलं नाही बाई. मुलं लहान आहेत. तुम्ही म्हणाल तसं करू."

"मुलांनी सांगितलं तेच लिहा," बाई म्हणाल्या. आवाज कुणा दुसऱ्या बाईचा असावा तसा त्यांना ऐकू आला.

तेवढ्यात दुसरीतल्या रुपाने विचारलं, "बाई, गाडीत तुमी पुढं बसनार का आमच्यासंग मागं?"

गाडी सांगितली, मैदान सांगितलं. बाई बरोबर येणार की नाही, हे सांगायचं राहून गेलं होतं. बाईंना ती आपली खाजगी बाब वाटली होती. आणि पोरांनी तरी कशाला विचारावं? घरी गेल्यावर आई असेल का, हे कोणी विचारतं का?

नामाच्या ते सगळ्यांत आधी ध्यानात आलं. त्याचे डोळे लकाकले. "सांगा बाई, सांगा त्यांना!"

एका शब्दावर शाळा वाचणार होती, हे बाईंना दिसत होतं. सांगितलं तर पोरांना आपल्याकडे ओढल्यासारखं, नाही सांगितलं तर फसवल्यासारखं. त्यांनी पाढा म्हणावा तसं एका सुरात सांगितलं, "मी नाही येणार. मला दुसऱ्या शाळेत पाठवतील, मुरबाडकडे वगैरे. तिकडे तुम्हाला दुसरे शिक्षक असतील. आता पुन्हा विचार करा आणि सांगा."

रुपा रडायला लागली. तिचं बघून हनुमान रडला. बाकीची पोरं कुणालीच्या तोंडाकडे बघत राहिली. कुणाली पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. मग तिने मान वर करून बाईंकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

"बाई, आमी गेलो तं तुमी रडशाल?"

बाईंनी आत चाचपून पाहिलं. तिथे काही नव्हतं. पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं होतं, तेव्हा त्यांनीही खरंच सांगितलं.

"नाही."

कुणालीने मान हलवली. "मंग आमी जातो," ती म्हणाली.

"शाबास," बाईंच्या तोंडून निघून गेलं. बरोबर उत्तर आलं की वर्षानुवर्षं निघत होतं तसंच. आणि शाबास म्हटलं की टाळ्या वाजवायच्या, ही बाईंनीच लावलेली सवय. पोरांनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या.