दसऱ्याची माळ आणि ताणकाटा

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे. पितळी तोंड, पोटात स्प्रिंग, खाली हूक. शनिवार पेठेत दिगंबरकाकांच्या रद्दीच्या दुकानात माझं आयुष्य गेलं. गिऱ्हाईक कुरकुरलं की काका म्हणायचे, "काटा खोटं बोलत नाही. घरी जाऊन पुन्हा मोजा, मग भांडायला या." ऐकून माझी छाती फुगायची.

घरोघरी कॉम्प्युटर येऊ लागले होते, त्या वेळची गोष्ट. शेजारच्या स्पृहानं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी रॉकेटच्या दोन छोट्या मोटरी बनवल्या होत्या. सरांची अट होती, आधी जोर मोजायचा. आकडा नाही तर उड्डाण नाही. दसऱ्याला दुकान बंद, म्हणून काकांनी मला दिलं. "काटा परत आणा हो, चंद्रावर विसरून येऊ नका!" असं म्हणत स्वतःही बरोबर आले. माझी पूजा झालेली, गळ्यात झेंडूची माळ.

कात्रजजवळच्या माळरानावर मला खांबाला आडवं बांधलं. हुकाला छोटा गाडा, त्यावर मोटर, समोर आकडा टिपायला तिच्या मित्राचा, आमोदचा, कॅमेरा. स्पृहा माळ काढू लागली, तर काका म्हणाले, "अगं, दसऱ्याची माळ आजच काढतात होय?" तिनं हात मागे घेतला.

चाचणी बघायला आलेल्या सरांनी सगळ्यांना लांब उभं केलं. मोटर पेटली, धूर सुटला, गाडा मला ओढू लागला. आणि माझा काटा जागचा हलेना! तो ज्या खाचेत सरकतो, तिच्यात माळेचा दोरा गुंतला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमोद कुजबुजला, "गणितात आलेला आकडा सांगून टाक. सरांना काय कळतंय?"

"काटा बोलला नाही, तर मी कशी बोलू?" स्पृहाचे डोळे भरले होते. आता एकच मोटर उरली होती.

काका पुढे आले. "चूक माझी, पोरी. रद्दी तोलताना कधी माळ ठेवली नाही, आज कुठून बुद्धी झाली!" त्यांनी स्वतःच्या हातानं माळ उतरवली, हूक ओढून पाहिला.

दुसरी मोटर पेटली आणि मी धावलो! आकडा गणितापेक्षा कमी आला, पण स्पृहानं तोच सरांना सांगितला. सर म्हणाले, "रॉकेट हलकं करा, अशीच नवी मोटर बनवा, मग उडवू." काकांनी ती माळ उचलली आणि तिच्या गळ्यात घातली.

आता काका नाहीत. दुकानात बॅटरीचा काटा आला, मी खिळ्यावर गंजत पडलो. हिंजवडीला नोकरी करणारी स्पृहा मला घरी घेऊन गेली. दर दसऱ्याला ती माळ आणते. पण आधी मला पुसते, तेल घालते, हूक ओढून बघते. मुलांनो, तुमच्या घरच्या जुन्या वस्तूंची पूजा जरूर करा, पण आधी त्यांना हलता येतंय ना, एवढं बघाल का?